नागपूरच्या गाड्यावरचे ऋतू

नागपूरच्या जुन्या शहरात पत्ता विचारला की वार सांगतात. इतवारी, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिचरी. आज या पक्क्या घरांच्या, दाटीवाटीच्या वस्त्या आहेत; एकेकाळी त्या त्या वारी तिथे बाजार भरायचा. बाजाराला येणारा माणूस पहाटे गाव सोडायचा, दुपारी भुकेला असायचा आणि दिवस कलला की पोरांसाठी काहीतरी पदरात बांधून परतायचा. नागपूरच्या रस्त्यावरच्या खाण्याला या भुकेने आणि या पदराने जन्म दिला. पुढे राजे बदलले, रेल्वे आली, गिरण्या उभ्या राहिल्या आणि बंद पडल्या. गाड्यावर काय मिळणार हे मात्र बराच काळ महिना पाहूनच ठरत राहिलं.

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने १७०२ च्या सुमारास राजापूर बारसा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बारा लहान वस्त्या जोडून हे नगर वसवलं. शेतकरी, कारागीर, व्यापारी त्याने बाहेरून बोलावून आणले. त्याचा मुलगा चांद सुलतान याने शहराला कोट घातला आणि ओढा अडवून जुम्मा तलाव बांधला. त्यालाच लोक शुक्रवारी तलाव म्हणू लागले. आजचा गांधीसागर तो हाच. १७४३ मध्ये सत्ता रघुजी भोसल्यांकडे आली आणि शहर वाढू लागलं. कोष्टी विणकरांचे माग इथे चालू लागले, इतवारीत पेढ्या आल्या.

नागपूर वसलंय कुठे, हेही पाहिलं पाहिजे. पूर्वेला भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा भाताचा आणि तळ्यांचा मुलूख. पश्चिमेला वर्ध्यापलीकडे काळी कापसाची जमीन, तिथे ज्वारी, तूर आणि हरभरा. उत्तरेला सातपुड्याचे उतार, आणि तिन्ही बाजूंनी कुठे ना कुठे जंगल. अशा चौरस्त्यावरच्या शहरात पूर्वेचं धान, पश्चिमेची डाळ आणि रानातलं फळ एकाच बाजारात उतरतं. त्यामुळे बाजाराच्या रस्त्यावर शिजवलेल्या पदार्थांइतकाच मान भाजलेल्याला, उकडलेल्याला आणि नुसत्या तोडून आणलेल्याला होता. भडभुंज्याच्या भट्टीतले गरम फुटाणे आणि मुरमुरे, थंडी सुरू होताना उकडलेल्या तुरीच्या शेंगा, पौष-माघात ज्वारीचा हुरडा आणि हरभऱ्याचे घाटे. या विक्रीला फारसं भांडवल लागत नसे. पाटी, तराजू आणि हंगाम एवढं पुरे.

हिवाळा: राजाच्या बागेतून फुटपाथवर

नागपूरच्या नावाला चिकटलेलं फळ मुळात नागपूरचं नाही. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी औरंगाबादकडून संत्र्याची झाडं आणवून आपल्या बागेत लावली, असं परंपरा सांगते. राजवाड्याच्या बागेतलं फळ शेतकऱ्याच्या मळ्यात यायला वेळ लागला. पण काटोल, नरखेड, कळमेश्वर आणि पलीकडे अमरावती जिल्ह्यातल्या वरूड-मोर्शीची जमीन त्याला मानवली. जंभेरीच्या खुंटावर डोळा भरून कलम करण्याची पद्धत रुळली आणि बागा पसरत गेल्या.

संत्र्याचं झाड स्वतःच्या मर्जीने वर्षात एकाहून अधिक वेळा फुलायला पाहतं. शेतकरी त्याला ताण देतो. ठराविक महिन्यांत पाणी तोडतो, पानं मलूल होऊ देतो आणि मग पाणी सोडतो. झाड एकदम फुलांनी भरून जातं. थंडीच्या शेवटी फुलतो तो आंबिया बहार, त्याची फळं दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत बाजारात असतात. पावसाच्या तोंडाशी फुलतो तो मृग बहार, त्याची फळं फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत. आंबियाचं संत्रं आंबटगोड आणि पाणीदार, मृगाचं अधिक गोड. जुना नागपूरकर पहिल्या फोडीतच बहार ओळखतो.

१८६७ मध्ये भुसावळकडून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोचली. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने पूर्वेचा मार्ग उघडला. मुंबई-हावडा आणि दिल्ली-मद्रास या वाटा इथे एकमेकींना छेदू लागल्या, आणि संत्र्याला देशभरचं गिऱ्हाईक मिळालं. पण या फळाची साल सुटी असते. सोलायला सोपं म्हणून ते लोकांना आवडतं, आणि त्याच कारणाने प्रवासात ते लवकर दबतं. उत्तम माल पेट्यांत भरून बाहेर जायचा. डागी, दबलेला आणि लहान माल गावातच उरायचा. लहान फळाला बाजारात चुरी म्हणतात. नागपूरच्या फुटपाथवरचा संत्र्याचा रस आणि स्वस्त टोपल्या या चुरीवर आणि डागी मालावर उभ्या आहेत. रेल्वे स्थानकाजवळच्या संत्रा मार्केटच्या आसपास डिसेंबरात चालताना पायाखाली साली असायच्या आणि बोटांना सालीचं तेल लागलेलं असायचं, ते याच उरलेल्या मालामुळे. जे फळ मुंबई-कलकत्त्यात पाहुण्यांपुढे ठेवलं जाई, त्याचीच भावंडं इथे हातगाडीवर शेकड्याने विकली जात.

नागपूरला पाहुणेही हिवाळ्यातच येत. डिसेंबर १९२० मध्ये इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, ज्यात असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झालं. शहरातल्या काँग्रेस नगरच्या नावात त्याची आठवण आहे. १९५३ च्या नागपूर करारात ठरल्याप्रमाणे, १९६० मध्ये महाराष्ट्र झाल्यावर विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन दरवर्षीचं झालं. अधिवेशन म्हणजे मोर्चे, आणि मोर्चे म्हणजे गडचिरोलीपासून बुलढाण्यापर्यंतची माणसं दोन-तीन दिवस रस्त्यावर. त्यांना परवडेल असं गरम खाणं मोर्चाच्या वाटेवरच मिळावं लागतं. थंडीत पोह्याच्या, भज्यांच्या, चहाच्या गाड्या वाढतात त्याला हवा जितकी कारण आहे तितकंच राजकारणही.

संत्र्याचा हंगाम संपला तरी त्याची चव विकायची युक्ती पुढे सापडली. बिकानेरच्या हल्दीराम घराण्याची एक शाखा १९७० च्या आसपास नागपुरात रुजली आणि संत्रा बर्फी ही शहराची भेटवस्तू झाली. आज स्टेशनवरून गाडी पकडणारा माणूस मे महिन्यातही संत्रा बर्फीचा डबा घेऊन जातो. १९८५ मध्ये इथे लिंबूवर्गीय फळांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झालं आणि २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ही प्रतिष्ठा फळाला मिळाली. टोपलीवालीच्या वाट्याला अजून तोच फुटपाथ आहे.

भोंगा आणि तर्री

१ जानेवारी १८७७. दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं जात होतं आणि त्याच दिवशी नागपुरात जुम्मा तलावाच्या काठी जमशेटजी टाटांची गिरणी सुरू झाली. तिचं नाव एम्प्रेस मिल ठेवलं गेलं. कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ आणि रेल्वे दाराशी, म्हणून मुंबई सोडून टाटा इथे आले. पुढे मॉडेल मिलही उभी राहिली. नागपूरच्या पोटाचं वेळापत्रक तेव्हापासून बदललं. आठवडी बाजाराची भूक आठवड्यातून एकदा लागायची. गिरणीची रोज, आणि भोंग्याच्या ठोक्याला.

पाळी सुटल्यावर बाहेर पडणाऱ्या कामगारापाशी वेळ थोडा आणि पैसे मोजके. त्याला पोटात टिकणारं, गरम आणि झणझणीत हवं होतं. याच काळात गिरणीच्या कापडापुढे हातमागाला उतरती कळा लागली. हलबा कोष्टी विणकरांचं मटण, जवस-खसखस-खोबरं-दगडफूल भाजून वाटलेल्या काळ्या मसाल्याचं, घरोघरी शिजायचंच. माग थंडावले तशा अनेक कुटुंबांनी चुली व्यवसायाला लावल्या, आणि सावजी भोजनालयं नागपूरच्या गल्लीगल्लीत दिसू लागली. सावजी खाणं बसून खायचं, रस्त्यावरचं नाही. पण रस्त्याला त्याने एक गोष्ट दिली. रश्श्यावर तरंगणाऱ्या लाल तेलाची, नाकातोंडातून पाणी काढणाऱ्या तिखटाची अपेक्षा. नागपूरच्या गाड्यावर ज्याला ‘तिखट’ म्हणतात ते पुण्याच्या माणसाला शिक्षा वाटतं.

या अपेक्षेतून शहराला आपला नाश्ता मिळाला, तर्री पोहे. कस्तुरचंद पार्कच्या बाजूला सकाळी सात वाजता उभं राहून पाहावं. गाड्यावर मोठं पातेलं, त्यात वाफेवर गरम ठेवलेले पिवळे पोहे, वरून ओलं फडकं. शेजारी दुसऱ्या पातेल्यात काळ्या हरभऱ्याचा रस्सा, वर बोटभर लाल तर्री. गाडीवाला प्लेटमध्ये पोह्याचा ढीग टाकतो, पळीने मधे खळगा करतो, त्यात हरभरे आणि तर्री ओततो. वरून चिरलेला कच्चा कांदा, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, थोडा चिवडा आणि लिंबाची फोड.

“भाऊ, तर्री जरा मारून दे ना!”

“घ्या ना काका, पाहिजे तेवढी घ्या. तर्रीचे पैसे कोण मागते!”

दुसऱ्यांदा घातलेल्या तर्रीचा हिशेब बहुतेक गाड्यांवर धरत नाहीत. गिऱ्हाईक बांधून ठेवायची ही जुनी नीती आहे. पोहे भाताच्या मुलखातले आणि हरभरा काळ्या जमिनीतला. नागपूरच्या पूर्वेचं आणि पश्चिमेचं पीक या एका प्लेटमध्ये एकत्र येतं, आणि दोन्ही साठवता येतात, म्हणून हा नाश्ता बाराही महिने चालतो. हंगामाच्या बंधनातून सुटलेलं नागपूरच्या रस्त्यावरचं मोठं खाणं हेच. गिरणी कामगार, सरकारी बाबू, रिक्षावाला, वकील, कोचिंग क्लासला निघालेली पोरं, सगळी त्याच गाड्यापाशी उभी असतात.

एम्प्रेस मिल १९८६ मध्ये टाटांच्या हातून राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद पडली. तिच्या जागेवर आता मॉल आहे. ज्या पोटासाठी गाड्यांनी भल्या पहाटे चूल पेटवायला सुरुवात केली ते पोट गेलं. चूल पेटायची वेळ मात्र तीच राहिली.

पावसाळा: पोळा, मारबत आणि कणीस

मृगाचा पहिला सडा पडला की फुटाळ्यावर कणसाच्या शेगड्या लागतात. फुटाळा म्हणजे भोसलेकालीन तेलंगखेडी तलाव. कोळशावर कणीस फिरवत फिरवत भाजायचं, दाण्याला काळे ठिपके आले की अर्धं लिंबू तिखट-मिठात बुडवून दाण्यांवर घासायचं आणि कणसाच्याच पानात गुंडाळून हातात द्यायचं. १८७० च्या सुमारास शहराच्या पाण्यासाठी बांधलेल्या अंबाझरी तलावावरही हीच गर्दी. सोबत मिरची भजे, मूग भजे आणि रश्श्यासकट आलुबोंडा. उन्हाळ्यात संध्याकाळी सातच्या आत घराबाहेर न पडणारं शहर पावसाच्या पहिल्या सरीला रस्त्यावर येतं, आणि भज्याची कढई नेमकी त्या वेळी तापलेली असते.

श्रावण अमावास्येला पोळा. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा: पोरं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि बोजारा, म्हणजे भेट, मागतात. ही प्रथा दुसऱ्या रघुजींच्या काळात १८०६ मध्ये सुरू झाल्याचं मानतात. त्याच दिवशी इतवारीतून काळी आणि जगनाथ बुधवारीतून पिवळी मारबत, म्हणजे मिरवणुकीचा पुतळा, निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात. काळ्या मारबतीचा संबंध लोक भोसले घराण्यातल्या बाकाबाईशी जोडतात, इंग्रजांना सामील झाल्याचा राग म्हणून. ‘रोगराई घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी देत लाखोंचा लोंढा जुन्या शहरातून जातो. साथीच्या आणि तापाच्या ऋतूत, ओल्या गल्ल्यांतून रोगाला हाकलायचा हा उत्सव.

आणि त्या दिवशी रस्ता खातो. मिरवणुकीच्या वाटेवर जिलेबी, भजे, समोसे, मुरमुऱ्याचा चिवडा, पाण्याच्या टाक्या. काही मंडळं फुकट वाटतात, काही गाडे चौपट विकतात. मारबतीच्या गर्दीत तेली, कोष्टी, कुणबी, मुसलमान, बुद्धिस्ट सगळे असतात आणि ते एकाच कढईतलं खातात. ही गोष्ट आज नेहमीची वाटते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती नेहमीची नव्हती. अस्पृश्य मानलेल्या माणसाला हॉटेलात वेगळी कपबशी मिळायची किंवा बाहेरच उभं राहावं लागायचं. रस्त्यावरच्या खाण्याचा इतिहास म्हणजे काय शिजलं एवढाच नसतो. कोणाच्या हातचं कोण खात होतं, हा त्याचा अर्धा भाग आहे.

शरद: शिंगाडे आणि पाच लाख माणसं

पाऊस ओसरला की पूर्वेच्या तळ्यांतून शिंगाडे येतात. भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव, रामटेकच्या बाजूची तळी. ढिवर बायका कमरेएवढ्या पाण्यात उतरून वेलाखालून फळं तोडतात. कच्चा शिंगाडा हिरवा-लालसर आणि दुधाळ; उकडला की साल काळीभोर होते आणि गर पिठूळ. गोणपाटावर काळ्या शिंगाड्यांचा ढीग, पुढ्यात बसलेली बाई दातांनी किंवा छोट्या सुरीने टोकं काढते आणि कागदात मोजून देते. सोबत भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा, आणि दिवाळीकडे सीताफळं.

याच ऋतूत, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि जवळपास पाच लाख अनुयायांना दिली. माणसं रेल्वेने, बैलगाड्यांनी, पायी आली होती. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे आणि कापडात बांधलेली भाकरी. तेव्हापासून दर दसऱ्याला दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर शहराचं एक वेगळं रूप दिसतं. दुतर्फा भोजनदानाचे मांडव उभे राहतात. पुरी-भाजी, मसालेभात, खिचडी, बुंदी. कामगार संघटना, बँकेतले कर्मचारी, मोहल्ल्यातली मंडळं, सगळे पातेली लावतात. येणारा कोणत्या जिल्ह्यातला, कोणत्या जातीतून आलेला, हे कोणी विचारत नाही. पुस्तकांच्या स्टॉलइतकीच गर्दी या मांडवांपाशी असते. ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या पंगतीबाहेर ठेवलं होतं, तो समाज आता वर्षातून एकदा सगळ्या शहराला रस्त्यावर पंगत वाढतो. नागपूरच्या रस्त्यावरच्या खाण्याच्या इतिहासात एवढी मोठी घटना दुसरी नाही, आणि तिच्यात विक्री कुठेही नाही.

उन्हाळा: रान शहरात येतं

नागपूरचा उन्हाळा सांगायला एक आकडा पुरे: २३ मे २०१३, ४७.९ अंश. अशा दिवसांत दुपारी बारा ते पाच रस्ता मोकळा असतो. खाणं दोन टोकांना सरकतं, भल्या सकाळी आणि रात्री. रात्री नऊनंतर इतवारी, सदर, सक्करदरा जागे होतात. लस्सी, मठ्ठा, कुल्फी, बर्फाचा गोळा, बेलाचं सरबत, कैरीचं पन्हं. रसवंतीच्या चरकाला बांधलेले घुंगरू दुपारच्या शांततेत लांबवर ऐकू जातात.

याच दिवसांत रान शहरात उतरतं. टोपलीत टेंभरं, म्हणजे तेंदूची पिवळी फळं; चारोळीची जांभळी-काळी चारं; पिवळ्या खिरण्या; पुढे जांभळं. पूर्वेच्या आणि उत्तरेच्या जंगलाशेजारच्या गावांतल्या बाया पहाटेच्या गाडीने येतात, फुटपाथच्या सावलीत बसतात, पानाच्या द्रोणात किंवा लहान पेल्याने मोजून देतात आणि माल संपला की परत जातात. त्यांचा धंदा फार तर सहा आठवड्यांचा. टेंभराची चिकट गोडी ज्याने लहानपणी चाखली आहे तो माणूस गाडी थांबवून घेतो. ज्याने नाही चाखली त्याला ते फळ ओळखताही येत नाही. बाजूला डांगराच्या आणि टरबुजाच्या राशी, नदीपात्रातल्या वाडीतून आलेल्या.

मोमिनपुऱ्यात मात्र ऋतू आणि सण यांची सांगड दरवर्षी बदलते. मोमिन म्हणजे विणकर. हा मोहल्लाही मागावरच्या माणसांचाच. रमजान चंद्राच्या पंचांगाने चालतो आणि दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे येतो. २०१६ मध्ये तो जूनच्या काहिलीत सुरू झाला, २०२५ मध्ये मार्चच्या आरंभी. सुमारे तेहतीस वर्षांत तो सगळे ऋतू फिरून येतो. म्हणून मोमिनपुऱ्यातल्या रात्रीच्या बाजारात कधी टरबूज आणि सरबतं पुढे असतात, तर कधी नहारी, हलीम आणि गरम दूध. एकच सण, त्याच गल्ल्या. पानातलं खाणं मात्र हवेने ठरवलेलं.

सोलपासून शुक्रवारीपर्यंत

ऋतू पाहून गाडा बदलणं हे नागपूरपुरतं नाही. कोरियातल्या सोल शहराचं उदाहरण पाहण्याजोगं आहे, कारण ते आज आपल्या तरुणांच्या तोंडी आहे. तिथे थंडी पडली की माशाच्या आकाराची, आत लाल चवळीसारख्या घेवड्याचं गोड सारण असलेली बुंगोप्पांग नावाची भाजलेली मिठाई गाड्यावर येते, सोबत भाजलेली रताळी. उन्हाळ्यात बर्फाचा किस आणि त्यावर तेच गोड सारण. बुंगोप्पांगचा साचा १९३० च्या दशकात जपानी राजवटीत आला. होत्तोक ही गोड सारणाची जाड पोळी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चिनी व्यापाऱ्यांबरोबर आली. तोक्पोक्की हा तिखट लाल रश्श्यातला तांदळाच्या वळ्यांचा पदार्थ १९५३ मध्ये, कोरियन युद्ध संपताना, सोलच्या सिन्दांग भागात एका बाईच्या गाड्यावर आजच्या रूपात आला. युद्धानंतर अमेरिकेच्या मदतीतला गहू आणि तांदळाची टंचाई यांनी मैद्याचे पदार्थ घरोघर नेले. परकी राजवट, स्थलांतर, टंचाई, गिरणी आणि हवा: सोलच्या गाड्याला ज्यांनी घडवलं त्याच गोष्टींनी नागपूरच्या गाड्याला घडवलं.

फरक आता पडतो आहे. कोरियन नूडल्सची पाकिटं नागपूरच्या किराणा दुकानांत बाराही महिने मिळतात. मोमो, मंचुरियन, चीज लावलेला डोसा यांनाही ऋतू नाही. त्यांच्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. पोहेही कधीतरी नवेच होते, संत्रंही बाहेरूनच आलं. अडचण वेगळी आहे. बाराही महिने चालणाऱ्या गाड्याला जागा मिळवता येते, ओळख मिळवता येते, कर्ज काढता येतं. सहा आठवडे टेंभरं विकणाऱ्या बाईला यातलं काही मिळत नाही. हंगामी विक्रेता रस्त्यावर असतो तेव्हा यंत्रणेच्या कागदावर नसतो.

पथविक्रेत्यांच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा २०१४ पासून आहे. शहर फेरीवाला समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांचेच असावेत आणि त्यांतल्या एकतृतीयांश बायका असाव्यात, असं तो सांगतो. ठराविक काळाने विक्रेत्यांची पाहणी करायला तो बजावतो. जिथे वर्षानुवर्षे विक्रेते आणि गिऱ्हाईक आपसूक जमतात तो नैसर्गिक बाजार, आणि असा बाजार विक्रीबंदीचा भाग म्हणून जाहीर करता येणार नाही, हेही त्यात आहे. वारांच्या नावांच्या वस्त्यांनी भरलेल्या शहरासाठी याहून उपयोगी कलम नाही. इतवारी, बुधवारी, शनिचरी या वस्त्या अशा नैसर्गिक बाजारांतूनच घडल्या आहेत.

पण पाहणी एकदाच आणि एकाच महिन्यात केली तर तिच्यात अर्धं नागपूर दिसत नाही. मे महिन्यात मोजलं तर शिंगाडेवाली आणि संत्र्याच्या शेकड्यावर जगणारा दोन महिन्यांचा गडी सुटतात, नोव्हेंबरात मोजलं तर चारंवाली. म्हणून महापालिकेने पथविक्रेत्यांची मोजणी वर्षातून किमान तीनदा, हंगाम पाहून करावी आणि हंगामी विक्रेत्यांना त्या हंगामापुरतं प्रमाणपत्र द्यावं. आणि वाचकहो, तुम्ही-आम्ही एवढं तरी करावं: महिन्यातून एकदा अशा टोपलीपाशी थांबावं जी पुढच्या महिन्यात तिथे नसेल, आणि भाव न करता घ्यावं.